तेच २.७१ पौंड

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी चोवीस वर्षांची आहे, इंग्लंडमध्ये मास्टर्स करते आणि एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये वेट्रेस आहे. मालक वडिलांच्या ओळखीचे, ती त्यांना काका म्हणते. आल्यावर पहिले तीन आठवडे ती त्यांच्याच घरी राहिली, खोलीही त्यांनीच शोधून दिली. पगाराच्या स्लिपवर दोन ओळी असतात: ‘बेसिक’ ताशी ९.५० पौंड, आणि खाली ‘सर्व्हिस’. दोन्ही मिळून ताशी बरोबर १२.२१ पौंड, म्हणजे तिथलं २०२५-२६ चं किमान वेतन. कार्डावरची टिप आणि बिलातला सर्व्हिस चार्ज काकांकडे जमा होतो. विचारल्यावर ते म्हणाले, “कायद्याएवढे मिळतात ना तुला? मग झालं तर.” अमेरिकेतली मैत्रीण म्हणते, आमच्याकडे असंच असतं. आई म्हणते, परक्या देशात भांडू नकोस. भांडी घासणाऱ्या मावशी आठवड्याला चाळीस तास काम करतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून स्लिप हीच वाचून दाखवते. तीही तशीच असते. रेस्टॉरंट बंद झाल्यावर साफसफाईत पाऊण तास जातो, तो कुठेच लिहिला जात नाही. ती विचारते: “आकडा बरोबर असूनही मला राग का येतो? मी कृतघ्न आहे का? आणि बोलले तर माझ्या व्हिसाचं काय?” सोबत डिसेंबर आणि जानेवारीच्या, चार-चार आठवड्यांच्या स्लिपांचे फोटो आहेत, नावं झाकलेले.

तुझं पत्र वाचल्यावर मी आधी कॅल्क्युलेटर काढला.

डिसेंबरची स्लिप: ९६ तास, बेसिक ९१२ पौंड, सर्व्हिस २६०.१६. जानेवारीची: ८० तास, बेसिक ७६०, सर्व्हिस २१६.८०. सर्व्हिसच्या रकमेला तासांनी भागून बघ. दोन्ही महिन्यांत उत्तर २.७१ येतं, पेनीचाही फरक नाही. आणि तूच लिहिलं आहेस की डिसेंबरात ऑफिसच्या पार्ट्यांनी हॉल गच्च होता आणि जानेवारीत मंगळवारी चार टेबलं लागली तरी नशीब. गिऱ्हाईक एवढं कमीजास्त झालं आणि टिप मात्र दर तासाला २.७१ वर अडून राहिली? टिप अशी कधी वागत नाही. ९.५० मधून १२.२१ पर्यंत जायला जेवढे लागतात तेवढेच ते पैसे आहेत. भोक मोजून ठिगळ कापलेलं आहे.

तुझा राग तिथूनच येतो. गणित मांडायच्या आधी तुला ते जाणवलं होतं, एवढंच.

आता तू ज्या वाक्यावर अडली आहेस त्याकडे येऊ: “एकूण आकडा तर बरोबर आहे.” काकांचं वाक्यही तेच, आणि पहिल्यांदा ऐकताना ते पटतंही. पण आकडा बरोबर आहे की नाही हे बघायच्या आधी तो कोणाच्या खिशातून भरला ते बघावं लागतं. सहा जणांच्या टेबलवाल्यांनी जाताना “लव्हली सर्व्हिस” म्हणत कार्डावर बारा पौंड वर दिले. त्यांच्या मनात ते तुला, आणि आत तंदूरवर उभ्या असलेल्याला. प्रत्यक्षात काय झालं? काकांना त्या रात्री तुला जो पगार द्यायचाच होता, त्यातले बारा पौंड त्यांचे वाचले. तुझ्या हातात येणारी रक्कम ते बारा पौंड आले तरी तेवढीच आणि आले नसते तरी तेवढीच. म्हणजे ती टिप काकांना मिळाली. तुझ्या स्लिपवरून ती फक्त फिरून गेली.

कायदाही आज हेच म्हणतो. ब्रिटनमध्ये टिप, सर्व्हिस चार्ज, कव्हर चार्ज यांतलं काहीही किमान वेतनात धरता येत नाही. पैसे रोख आले की कार्डाने, पगाराच्या खात्यातून फिरवले की नाही, याने फरक पडत नाही. हा नियम १ ऑक्टोबर २००९ पासून आहे. एकवीस आणि त्यावरच्या वयाला १ एप्रिल २०२५ पासून ताशी १२.२१ पौंड आणि १ एप्रिल २०२६ पासून १२.७१. हे सगळे मालकाच्या खिशातून, आणि टिप त्याच्या वर. शिफ्टला मिळणारं जेवणही पगारात वळतं करता येत नाही. मालकाने राहायला जागा दिली असेल तर तिच्यापोटी एका ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम धरता येते, पण तू आता तिथे राहत नाहीस.

दुसरा कायदा टिपेचाच आहे. तो २०२३ साली झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये लागू आहे. त्यानुसार मालकाच्या हातात आलेली किंवा त्याच्या ताब्याखाली वाटली जाणारी टिप पूर्णच्या पूर्ण, कर सोडून काहीही न कापता, कामगारांत न्याय्य रीतीने वाटावी लागते, आणि तीही पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. उत्तर आयर्लंडमध्ये हा टिपेचा कायदा लागू नाही, किमान वेतनाचा नियम मात्र तिथेही तोच.

हे दोन्ही कायदे शेजारी ठेवून तुझ्या जानेवारीच्या २१६.८० कडे बघ. ते टिप म्हणून दिले असं काका म्हणाले, तर पगार तेवढ्याने कमी पडला. पगार म्हणून दिले म्हणाले, तर टिप दिलीच नाही. एकच नोट दोन पाकिटांत दाखवता येत नाही. डिसेंबर-जानेवारी मिळून तुझे ४७६.९६ पौंड होतात. डिसेंबरात ठिगळ लावून उरलेली टिप कुठे गेली, हा प्रश्न आणखी वेगळा. मी काकांवर आरोप करत नाही. पण विचारायला हवं.

मैत्रीण अमेरिकेबद्दल खोटं बोलत नाही. तिथे केंद्रीय कायद्याने टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी २.१३ डॉलर दिले तरी चालतात, बाकीचे ७.२५ पर्यंत टिपेतून भरले जातात. तो २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. कॅलिफोर्नियासारखी सात राज्यं मात्र ही सवलत मालकाला देत नाहीत. पण तू अमेरिकेत नाहीस. तिच्या देशातल्या सोयीने काकांनी हिशेब करायचं कारण नाही.

काकांबद्दल एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवी. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय किमान वेतन एप्रिल १९९९ मध्ये आलं, आणि तेव्हापासून सप्टेंबर २००९ पर्यंत त्यांची ही पद्धत कायदेशीर होती. पगारखात्यातून दिलेली टिप किमान वेतनात धरता यायची. त्याच्याही आधीच्या काळातल्या अशाच हिशेबावरून लंडनच्या काही वेटरांनी मालकाला कोर्टात खेचलं होतं. ते प्रकरण थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं आणि २००२ मध्ये वेटर हरले. युक्तिवाद असा होता की कार्डाने किंवा चेकने दिलेली टिप आधी मालकाची होते, मग तो ती पगारात घालू शकतो. म्हणजे टेबलावर नाणी ठेवली तर वेटरची आणि तेवढीच रक्कम कार्डावर घातली तर मालकाची! ही गंमत बंद करायला पुढे नियमच बदलावा लागला. तुझे काका त्या जुन्या काळात धंद्यात उतरले असतील, तर हा हिशेब त्यांना कोणीतरी रीतसर शिकवलेला असू शकतो. आता सोळा वर्षं उलटून गेली आहेत, आणि त्यांचा अकाउंटंट दरवर्षी फी घेतो, त्यामुळे ‘माहीत नव्हतं’ हे फार वेळ टिकणार नाही. पण पहिलं वाक्य बोलताना तू त्यांना ही जागा ठेवावीस असं मला वाटतं. माणसाला मागे फिरायला वाट असली की तो फिरतो.

आता कृतघ्नपणाचं बघू. तू लिहितेस, “ज्यांच्या घरी जेवले त्यांच्याकडे पैशाचा हिशेब कसा मागू?” खाल्ल्या मिठाला जागावं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि मी ते खोटं म्हणणार नाही. ते तीन आठवडे, शोधून दिलेली खोली, हे खरे उपकार आहेत. ते वेगळ्या रीतीने फेडता येतात: काकूंना बरं नसताना जाऊन ये, त्यांच्या मुलाला गणित शिकव. पण त्या उपकाराची परतफेड काका आठवड्याला चोपन्न पौंडांनी वसूल करतायत असं तू धरून चालली आहेस. खुद्द त्यांनी असं कधी म्हटलंय का? ही सांगड बहुधा तुझ्याच मनाने घातली आहे. मावशींवर काकांचे असे कोणतेच उपकार नाहीत, तरी त्यांच्या स्लिपवर तेच २.७१ आहेत. आठवड्याला चाळीस तास म्हणजे १०८.४० पौंड. तुझ्या प्रकरणात ओळखदेख आहे म्हणून ते नाजूक वाटतं. हिशेब मात्र सगळ्यांचा एकच लागलेला आहे.

व्हिसाची भीती मी दोन भागांत करते, कारण एक भाग पोकळ आहे आणि दुसरा खरा.

पोकळ भाग असा: काका तुझा व्हिसा रद्द करू शकत नाहीत. तुझा विद्यार्थी व्हिसा विद्यापीठाच्या पाठबळावर आहे. अर्धवेळ नोकरी गेली तर नोकरी गेली, व्हिसा तिथेच. किमान वेतनाचा आणि टिपेचा हक्क विद्यार्थी व्हिसावरच्यालाही पूर्ण आहे.

खरा भाग त्या पाऊण तासात आहे, ज्याचा तू पत्रात जाता जाता उल्लेख केलास. आठवड्याला चार शिफ्ट, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे तीन तास. ते कामाचेच तास आहेत आणि त्यांचा पगार मिळायला हवा. पण जानेवारीत रोट्यावर (पाळ्यांच्या वेळापत्रकावर) तुझे आठवड्याला वीस तास पूर्ण भरलेले दिसतात. विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे, आणि ती पगारी आणि बिनपगारी दोन्ही कामांना मिळून लागते. वर तीन म्हणजे तेवीस. याकडे आतापर्यंत कोणी तुझं लक्ष वेधलं नसावं. तेव्हा पहिलं काम हे: उद्यापासून साफसफाई धरून वीस. “काका, व्हिसाच्या नियमामुळे मला दहाला निघावं लागेल” हे वाक्य कोणालाही लागणारं नाही. आणि कुठेही लेखी तक्रार करण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागाराला भेट, झालेले तास, डिसेंबरातले आठवड्याचे चोवीस धरून, आहेत तसे सांग. आकडे मागे-पुढे करू नकोस. ते लोक अशी प्रकरणं रोज बघतात.

ज्या वाचकांचा व्हिसाच मालकाने दिलेल्या नोकरीवर उभा आहे, स्वयंपाकघरातले शेफ वगैरे, त्यांना मी हा पुढचा सल्ला असाच्या असा देणार नाही. त्यांनी तोंड उघडण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं. त्यांची गोष्ट वेगळी आहे.

तर पुढे काय. तू मला दोनच वाटा लिहिल्यास: गप्प बसणं किंवा तक्रार ठोकणं. मधे बराच रस्ता आहे.

बोलण्याआधी कागद जमव. आतापर्यंतच्या सगळ्या स्लिपा, रोट्याचे फोटो, बँकेत आलेल्या रकमा. एका साध्या वहीत रोज आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिही, त्या दिवशीच. महिन्यानंतर आठवून लिहिलेल्या वहीला किंमत कमी. हे सगळं रेस्टॉरंटच्या फोनवर किंवा ग्रुपवर ठेवू नकोस.

मग काकांशी बोल. शुक्रवारी रात्री नको, सगळ्यांसमोर नको. दुपारी हॉल रिकामा असताना, मधल्या वेळात. मी असं बोलले असते: “काका, एक विचारायचं होतं. माझ्या स्लिपवर बेसिक साडेनऊ दिसतं आणि टिप धरून बारा-एकवीस होतात. मी वाचलं की २००९ पासून टिप किमान वेतनात धरता येत नाही. अकाउंटंटना एकदा विचारून बघाल का? उद्या तपासणी आली तर तुम्हाला त्रास नको.” यात शेवटचं वाक्य गोड बोलणं वाटेल, पण ते धादांत खरं आहे. किमान वेतन बुडवल्याचं तपासणीत निघालं तर सहा वर्षांपर्यंतची थकबाकी द्यावी लागू शकते, वर थकबाकीच्या दुपटीपर्यंत दंड, एका कामगारामागे २०,००० पौंडांपर्यंत. छोट्या रेस्टॉरंटचा यात बाजार उठू शकतो. आजच स्लिप दुरुस्त करणं त्यांच्याही फायद्याचं आहे.

त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज टाक: “काका, आज बेसिक आणि टिपेबद्दल बोललो त्याची आठवण.” एवढंच. बोलणं झालं याची नोंद राहते, आणि कोणाला टोचतही नाही.

काकांनी विषय उडवून लावला, तर दोन गोष्टी लेखी माग. एक म्हणजे टिप वाटण्याचं लेखी धोरण. जिथे टिप नेहमीची आहे तिथे ते असावंच लागतं आणि कामगारांना दाखवावं लागतं. दुसरी म्हणजे टिपेची नोंद: रेस्टॉरंटमध्ये एकूण किती आली आणि त्यातली तुला किती दिली. ही नोंद मालकाने तीन वर्षं ठेवायची असते, तीन महिन्यांतून एकदा तू ती मागू शकतेस, आणि चार आठवड्यांत ती द्यावी लागते. डिसेंबरच्या उरलेल्या टिपेचं उत्तर तिथे मिळेल. मोठ्या ठिकाणी टिपेचं वाटप ‘ट्रॉन्क’ नावाच्या व्यवस्थेतून होतं, त्याचा एक स्वतंत्र ट्रॉन्कमास्टर असतो. तिथेही ट्रॉन्कचे पैसे किमान वेतनात धरता येत नाहीत. स्लिपवरच्या ओळीला नाव काहीही दिलं तरी नियम तोच.

यानंतरही काही हललं नाही, तर एकॅसच्या (नोकरीतल्या तंट्यांवर सल्ला देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) हेल्पलाइनला फोन कर. सल्ला फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. किमान वेतनाची तक्रार सरकारी तपासणीकडे करता येते, त्यात तुझं नाव मालकाला कळू नये असं सांगता येतं. अर्थात सहा-सात जणांच्या स्टाफमध्ये कोणी सांगितलं हे ओळखायला फार वेळ लागत नाही, हे धरून चाल. टिप बुडवल्याबद्दल एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे, म्हणजे नोकरीच्या तंट्यांच्या न्यायाधिकरणाकडे, बारा महिन्यांच्या आत जाता येतं, त्यात ५,००० पौंडांपर्यंत भरपाई मिळू शकते. पगाराच्या दाव्याची मुदत याहून बरीच कमी असते, म्हणून ‘परीक्षा झाल्यावर बघू’ असं करू नकोस. फोनवर आधी मुदतच विचार.

किमान वेतन मागितलं म्हणून कामावरून काढणं किंवा त्रास देणं बेकायदा आहे, आणि त्यासाठी दोन वर्षं नोकरी झालेली असायची अट नाही. हे लिहितेय खरी, पण कायदा तुझ्या बाजूने आहे म्हणून रोटाही तुझ्या बाजूने राहील असं समजू नकोस. “सध्या धंदा कमी आहे” म्हणत चार शिफ्टच्या दोन करायला कोणाला पुरावा लागत नाही. तेव्हा बोलण्याआधी महिनाभराचं भाडं बाजूला असू दे आणि दुसऱ्या दोन ठिकाणी अर्ज टाकून ठेव. नवी नोकरी शोधून शांतपणे निघून जाणं, हीसुद्धा इज्जतीची वाट आहे. निघून गेल्यावरही मागचे पैसे मागता येतात. मुलाखतीत एवढंच विचार: “बेसिक किती? टिप वेगळी ना?” उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो ते बघ.

टेबलावर कोणी तुझ्या हातात थेट रोख टिप दिली आणि ती काकांच्या गल्ल्यात गेली नाही, तर ती तुझी. कराच्या हिशेबात मात्र ती धरायची असते, ती जबाबदारी तुझ्यावर आहे.

आईचं ‘परक्या देशात भांडू नकोस’ मला समजतं. मीही माझ्या मुलीला हेच म्हणाले असते, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं असतं की झालं का बोलून. आईला स्लिपांचं गणित सांग. डिसेंबर आणि जानेवारी, दोन्हीकडे २.७१. घर चालवलेल्या बाईला दुधाच्या वहीतला घोळ जसा लगेच दिसतो, तसा हाही दिसेल.

राहिल्या मावशी. त्यांच्या वतीने तू काही ठरवू नकोस. त्यांना आठवड्याचे १०८ पौंड हवे असतील, किंवा या वयात दुसरीकडे भांडी घासायला जायचं नसेल, ते त्या ठरवतील. त्यांची नड तुला पूर्ण माहीत नाही, मलाही नाही. पण आतापर्यंत तू त्यांना स्लिपवरचा शेवटचा आकडा वाचून दाखवत आलीस. पुढच्या वेळी वरच्या दोन ओळीही वाच, सावकाश, आणि सर्व्हिस म्हणजे काय ते मराठीत सांग.